पावसात पडल्यावर पुन्हा सायकलवर बसावे का?

वाचकाचे पत्र

ताई, मी ४६ वर्षांची असून वर्तकनगरला राहते आणि पाचपाखाडीतील एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम करते. मुलगी शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्यापासून तिची गिअरची सायकल पार्किंगमध्ये धूळ खात पडली होती. लहानपणी गावी तासावर भाड्याने मिळणाऱ्या सायकलवर मी शिकले होते, म्हणून जानेवारीत धीर करून ती बाहेर काढली. पाच महिने कामावर जाणे, येताना भाजी आणणे हे सगळे मी सायकलवरून केले, आणि त्यात मला किती सुख वाटत होते हे मी घरात कोणाला समजावून सांगू शकत नाही. जूनच्या अखेरीस, पहिल्या चांगल्या पावसानंतर, आमच्या पेव्हर ब्लॉकच्या गल्लीत डावीकडे वळत असताना समोरून अचानक रिक्षा आली. मी दोन्ही ब्रेक दाबले आणि क्षणात आडवी झाले. हँडलला भाजीची पिशवी होती. गुडघा सोलवटला, डावे मनगट बादली उचलताना अजून दुखते. तेव्हापासून सायकल तशीच उभी आहे. यजमान म्हणतात, आता पुरे झाले. सासूबाई म्हणतात, या वयात हे खूळ कशाला. शेजारी विचारतात, घरात गाडी असताना सायकल का? पण खरे सांगायचे तर मी नेमकी कशामुळे पडले हेच मला कळलेले नाही, आणि म्हणूनच पुन्हा बसण्याची भीती वाटते. सायकल विकून टाकावी का?

– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर

सस्नेह नमस्कार.

उत्तर आधी देते आणि कारणे नंतर सांगते. सायकल विकू नका, पुन्हा बसा. मात्र उद्याच बसू नका. मनगट अजून दुखत असेल, तर पहिले काम ते अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवण्याचे आहे. पडताना माणूस नकळत हात पुढे करतो आणि सगळा भार तळहातावर येतो. अशा वेळी अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या एका लहानशा हाडाला तडा जाऊ शकतो, आणि तो पहिल्या एक्स-रेमध्ये कधी कधी दिसतही नाही. एकदा दाखवून झाले असेल, तरी पुन्हा दाखवा. मुरगळले असेल असे म्हणून दुखणे अंगावर काढू नका. सायकल थांबवायची ती हातांनीच, त्यामुळे मूठ न दुखता घट्ट वळेपर्यंत रस्त्यावर उतरणे योग्य होणार नाही.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. पडल्यानंतर बहुतेक माणसे नशिबाला किंवा वयाला बोल लावून मोकळी होतात. तुम्ही कारण विचारले आहे, आणि तुमच्या पत्रातच ते दडलेले आहे. सायकलचे चाक रस्त्याला जिथे टेकते, ती जागा दोन-तीन बोटांखाली झाकली जाईल एवढीच असते. तेवढ्या जागेच्या पकडीवर वळणेही भागवायचे असते आणि थांबणेही. सरळ जाताना सगळी पकड थांबण्याच्या कामी येते. वळताना सायकल कललेली असते आणि पकडीचा मोठा वाटा त्या वळण्यातच खर्च होत असतो. त्याच क्षणी ब्रेक जोरात दाबला, की शिल्लक नसलेली पकड आपण मागतो आणि चाक घसरते. कोरड्या डांबरी रस्त्यावर पकड भरपूर असल्यामुळे ही उधळपट्टी खपून जाते. तुमची जानेवारी ते जून खपून गेली ती यामुळे, आणि म्हणूनच तुम्हाला आपली चूक दिसली नाही. पाच महिने तुम्ही बहुधा वळणात ब्रेक दाबतच होता.

पहिला पाऊस सर्वांत फसवा असतो. सात-आठ महिने रस्त्यावर ठिबकलेले तेल, टायरची झिज आणि धूळ यांचा पातळ लेप पहिल्या सरींनी ओला होतो, पण वाहून जात नाही. मुसळधार पाऊस दोन-चार दिवस पडून गेला, की तोच डांबरी रस्ता पुष्कळ बरा होतो. पेव्हर ब्लॉकचे मात्र उलटे आहे: जुने ब्लॉक वापराने गुळगुळीत झालेले असतात आणि पावसाळा जसजसा सरतो, तसतसे त्यांच्यावर शेवाळ धरते, त्यामुळे तुमची गल्ली ऑगस्ट-सप्टेंबरमध्येही सावधपणेच पार करायला हवी. चेंबरची लोखंडी झाकणे, झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आणि बांधकामाजवळ रस्त्यावर अंथरलेले पत्रे ही याच जातीची ठिकाणे होत. त्यांवरून जायचेच असेल, तर सायकल उभी आणि सरळ ठेवून, पायडल न मारता आणि ब्रेकला हात न लावता जावे.

यावरून नियम असा निघतो, की थांबायचे किंवा हळू व्हायचे असेल ते वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना. वळणात फक्त वळायचे. आणि वळणात असतानाच रिक्षा समोर आली तर? तर आधी हँडल सरळ करून सायकल उभी करायची आणि मग ब्रेक दाबायचा, मग त्यात ठरलेल्या वाटेपासून हातभर बाहेर जावे लागले तरी चालेल. हे वाचायला सोपे आहे. ऐन वेळी हाताला ते आपोआप सुचावे म्हणून सराव लागतो, त्याबद्दल पुढे लिहिते. पुढचा ब्रेक कधीच दाबू नये असा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईल, पण तो ऐकू नका. ब्रेक लागला की आपले वजन पुढे झुकते आणि पुढच्या चाकाची पकड वाढते, त्यामुळे सरळ रस्त्यावर सायकल लवकर थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. एवढेच लक्षात ठेवा, की मागचे चाक घसरले तर सावरायला क्षणभर मिळतो, पुढचे घसरले तर मिळत नाही. म्हणून ओल्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकदम आवळू नयेत, हलक्या हाताने लावत, दाब हळूहळू वाढवत न्यावेत.

तुमच्या पडण्यात आणखी तिघांचा हात होता असे मला वाटते. पहिली ती भाजीची पिशवी. हँडलला लटकलेली पिशवी वळताना झोका घेते आणि तुमच्या इच्छेविरुद्ध हँडल एका बाजूला ओढते. शिवाय कधी तरी ती स्पोकमध्ये अडकली, तर चाक जागच्या जागी थांबते. मागे मजबूत कॅरिअर बसवून घ्या आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लावा, म्हणजे वजन खाली आणि समतोल राहील. कांदे-बटाटे तळाशी, पालेभाजी वर. दुसरी गोष्ट सीटची. मुलगी तुमच्याहून उंच असेल आणि सीट तिच्या मापाची राहिली असेल, तर ऐन वेळी पाय जमिनीला टेकत नाही आणि घाबरलेले मन सगळा भरवसा ब्रेकवर टाकते. टाच पायडलवर ठेवून पायडल सर्वांत खाली नेल्यावर पाय जेमतेम सरळ व्हावा, हे गुडघ्यांच्या दृष्टीने सीटचे योग्य माप. परंतु पहिला महिनाभर ती त्याहून दोन बोटे खाली ठेवा. गुडघ्यांना थोडे अधिक श्रम पडतील, पण पाय टेकतील, आणि सध्या तुम्हाला त्याचीच गरज आहे. मधली नळी उंच असल्यामुळे उतरताना अडचण होत असेल, तर ही सायकल देऊन खाली वाकलेल्या नळीची सायकल घ्यावी. तशा अदलाबदलीला माझी हरकत नाही.

तिसरी गोष्ट हवा. टायरमधली हवा सायकलबरोबर जन्माला आलेली नाही. बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉप नावाच्या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीला खडबडीत रस्त्यावर बसणारे हादरे कमी व्हावेत म्हणून हवेने फुगलेले टायर तयार केले आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याआधी चाकांना भरीव रबर असे. रस्त्याच्या उंचसखलपणाशी जुळवून घेणे हे त्या हवेचे काम आहे. आपल्याकडे पंक्चरवाले टायर अंगठ्याने दाबून पाहतात आणि दगडासारखा लागेपर्यंत हवा भरतात. असा टायर ओल्या ब्लॉकवर उड्या मारतो आणि त्याची पकड कमी होते. टायरच्या कडेवर हवेचा दाब किती पीएसआय (दाबाचे एकक) असावा याचे कमाल आणि बहुधा किमान आकडे उठवलेले असतात. तुमचे वजन फार नसेल, तर पावसाळ्यात त्या दोन आकड्यांच्या मध्याच्या जरा खालीच राहा. गिअरच्या सायकलींना बहुतेक वेळा मोटारीसारखा व्हॉल्व्ह असतो म्हणून काही जण पेट्रोल पंपावर हवा भरतात. तिथली हवा इतक्या वेगाने येते, की सायकलची लहान ट्यूब फुटू शकते. दाबमापक असलेला साधा पायपंप घरी असावा आणि आठवड्यातून एकदा हवा पाहावी. त्याच वेळी टायरची नक्षी झिजली आहे का आणि ब्रेकचे रबर किती उरले आहे तेही पाहून घ्यावे.

मनगट बरे झाले, की सोसायटीच्या आवारात किंवा सकाळी लवकर एखाद्या मोकळ्या रस्त्यावर आठवडाभर फक्त थांबण्याचा सराव करा. जमिनीवर खडूने रेघ ओढा; चालण्याच्या दुप्पट वेगाने या आणि पुढचे चाक रेघेवर थांबवून डावा पाय टेका. ते जमले की कोणाला तरी अचानक 'थांब' म्हणायला सांगा. मग मोठा गोल मारत असताना तीच हाक आली, की हँडल सरळ करून थांबण्याचा सराव करा; तुमच्या गल्लीत जे घडले त्याचेच हे शिक्षण आहे. दोन-तीन दिवसांत हात आपोआप तसे वागू लागतात, हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिले आहे. त्यानंतर उजव्या खांद्यावरून मागे वळून पाहण्याचा सराव करा. सुरुवातीला मान वळली की हँडलही वळते. हनुवटी खांद्याकडे नेताना उजव्या हाताची पकड सैल ठेवली तर सायकल सरळ राहते. मागे न पाहता उजवीकडे सरकणे ही शहरातल्या सायकलस्वाराची सर्वांत महागात पडणारी सवय आहे.

रस्त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. वर्तकनगर ते पाचपाखाडी हे अंतर तीन-साडेतीन किलोमीटरच्या आसपासचे आहे आणि ताशी बारा किलोमीटरच्या सावकाश वेगानेही ते वीस मिनिटांच्या आत होते. तुम्ही बहुधा रिक्षाच्याच वाटेने, म्हणजे पोखरण रोड क्रमांक १ वरून कॅडबरी जंक्शनला येऊन महामार्ग ओलांडत असाल. सायकलची वाट रिक्षाच्या वाटेहून निराळी असू शकते. एखाद्या रविवारी सकाळी घाई नसताना आतल्या गल्ल्यांमधून जाऊन पाहा. अर्धा किलोमीटर जास्त पडला तरी बसगाड्यांची साथ सुटते. कॅडबरी जंक्शनला मात्र खाली उतरा आणि पादचाऱ्यांच्या सिग्नलला सायकल हातात धरून रस्ता ओलांडा. मी वीस वर्षे ठाण्यात सायकल चालवते आहे आणि कॅडबरी, नितीन कंपनी आणि तीन हात नाका या तिन्ही चौकांत गर्दीच्या वेळी मी आजही उतरते. त्यात कमीपणा नाही. उतरलेला सायकलस्वार पादचारी असतो, आणि वाटेल तेव्हा पादचारी होता येणे ही सायकलची अशी सोय आहे, जी मोटारीला किंवा स्कूटरला नाही.

रस्त्याच्या अगदी कडेला, गटाराच्या झाकणांवरून जाणे सुरक्षित असेल अशी आपली समजूत असते. माझीही होती. काही वर्षांपूर्वी नौपाड्यात उभ्या असलेल्या एका मोटारीला लगटून जात असताना तिचे दार अचानक उघडले आणि मी त्यावर आदळले. खांदा महिनाभर उचलता येत नव्हता. दार उघडणाऱ्याने मागे पाहायला हवे होते हे खरे, पण त्या दारापासून हातभर दूर जाणे माझ्या हातात होते, आणि त्या दिवसापासून मी उभ्या वाहनांपासून निदान मीटरभर अंतर ठेवते. कडेला लागून जाण्याने मागच्या वाहनांना असेही वाटते, की आपल्याला ओलांडून जायला पुरेशी जागा आहे, आणि ती नसते. जरा आत, सरळ रेषेत चाललात, की ते हळू होतात, हॉर्न वाजवतात आणि नीट वळसा घालून जातात. हॉर्नचा राग मानू नका. त्याचा अर्थ त्यांनी तुम्हाला पाहिले आहे. सिग्नलला टीएमटीची बस किंवा ट्रक उभा असेल, तर तिच्या आणि पदपथाच्या मधल्या फटीत कधीही शिरू नका. बस डावीकडे वळताना तिचे मागचे चाक ती फट गिळत येते आणि चालकाला तिथे सायकल दिसत नाही. बसच्या मागे थांबा, ती जाऊ द्या.

रिक्षांचे मी वेगळे सांगते, कारण तुमची भेट त्यांच्याशीच झाली. रिक्षा पुढे काय करणार हे तिच्या इंडिकेटरवरून क्वचित कळते, पण तिच्या पुढच्या चाकावरून नेहमी कळते. ते चाक बोटभर वळले, की रिक्षा त्या बाजूला जाणारच. त्याहूनही आधीची खूण पदपथावर असते. एखादा माणूस रस्त्याकडे पाहत हात उचलू लागला, की तुमच्या पुढची रिकामी रिक्षा त्याच्यापाशी येऊन थांबणार हे धरून चाला. गल्लीच्या तोंडाशी बाहेर पडणाऱ्या रिक्षेचे नाक तिच्या चालकाच्या डोळ्यांआधी रस्त्यावर येते, म्हणून प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी घंटी वाजवा आणि पायडल थांबवा. ज्या गल्लीत तुम्ही पडलात, तिथे यापुढे वळण्याऐवजी चार पावले आधी उतरून चालत गेलात, तरी तुमच्या जाण्यायेण्यात एक मिनिटही वाढणार नाही.

घरच्यांशी कसे बोलावे हेही तुम्ही न विचारता विचारले आहे. यजमानांच्या बोलण्यामागे काळजी आहे आणि ती रास्त आहे. त्यांनी तुम्हाला जखमी अवस्थेत घरी आलेले पाहिले आहे. त्यांच्याशी वाद घालू नका. पडण्याचे कारण तुम्हाला कळले आहे हे त्यांना सांगा आणि 'थांब' अशी हाक मारण्याचे काम त्यांच्याकडेच द्या. जी व्यक्ती आपल्याला सराव करताना पाहते, तिची भीती आपल्याबरोबरच कमी होत जाते. सासूबाईंच्या 'या वयात' या शब्दाला माझे उत्तर निराळे आहे. तमिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबरच बायकांना सायकल शिकवण्याची मोहीम निघाली आणि शेतावर, खाणीत मजुरी करणाऱ्या हजारो बायका त्या वेळी सायकल शिकल्या. त्यात लेकुरवाळ्या बायका होत्या, ज्यांनी तोवर हँडलही धरलेले नव्हते. तुम्ही तर लहानपणीच शिकलेल्या आहात. तुम्हाला फक्त पावसाळा शिकायचा आहे. सासूबाईंना हे ऐकवण्यापूर्वी त्यांच्या तरुणपणी त्यांना सायकल चालवावीशी वाटली होती का, असे एकदा सहज विचारून पाहा. त्या वयाच्या पुष्कळ बायकांकडून मी याचे जे उत्तर ऐकले आहे, ते सायकलच्या विरुद्ध कधीच नव्हते.

राहिला 'घरात गाडी असताना' हा प्रश्न. आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळात सायकल ही जपण्याची मालमत्ता होती. अनेक गावांत तिला नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा नसेल तर पोलीस अडवीत, आणि डबल सीट जाणाऱ्यांना दम मिळे. त्या वस्तूची किंमत शेजाऱ्यांच्या नजरेत कधी तरी उतरली, म्हणून तिचा उपयोग कमी झालेला नाही. तीन किलोमीटरसाठी मोटार बाहेर काढायची, तर तलावपाळीला किंवा जांभळी नाक्याला ती लावायला जागा शोधण्यातच जाण्याएवढा वेळ जातो. शेजाऱ्यांना एवढे सांगितले तरी पुरे.

आता ज्या सुखाबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहून थांबलात, त्याबद्दल मला लिहू द्या, कारण भीतीबद्दल सगळे बोलतात आणि याबद्दल कोणी बोलत नाही. भाजी घेऊन घरी येण्यातले सुख घरच्यांना समजावता येत नाही असे तुम्ही म्हणता. मला वाटते, त्याचे कारण वेग आहे. मोटारीतून भाजीवाली दिसते, पण तिची पालेभाजी ताजी आहे की नाही हे दिसत नाही. चालत गेले तर ते दिसते, पण आणलेले सामान वाहून आणताना हात अवघडतात. चालण्याएवढ्याच श्रमात सायकल आपल्याला तिप्पट-चौपट अंतर नेते आणि तरीही 'काय मावशी, आळू आहे का?' असे थांबून विचारता येण्याइतकी हळू असते. पाच महिन्यांत तुमचे ठरलेले भाजीवाले झाले असतील, चौकातला पंक्चरवाला ओळखू लागला असेल, आणि तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत तर त्यांनी विचारलेही असेल. जूनपासून ते विचारत असतील.

सायकलमुळे मला ठाण्याचा उतार कळला. मोटारीत बसणाऱ्याला हे गाव सपाट वाटते. प्रत्यक्षात ते येऊरच्या डोंगराकडून खाडीकडे हळूहळू उतरत जाते, आणि हे पायांना पहिल्या आठवड्यात समजते: एका दिशेने जाताना पायडल न मारता सायकल सरकत राहते, आणि परतताना त्याच सपाट वाटणाऱ्या रस्त्यावर गिअर एकने खाली घ्यावा लागतो. उपवनचा तलाव डोंगराच्या पायथ्याशी का आहे, खोपटचा सिद्धेश्वर, पाचपाखाडीचा कचराळी आणि गावातला मासुंदा हे तलाव पाणी कसे अडवून धरतात, याचा विचार मी आयुष्यात प्रथम सायकलवर केला. दुपारनंतर पश्चिमेकडून समुद्रावरचा वारा येऊ लागतो, तेव्हा घरी परतताना तो तोंडावर लागतो आणि पाच मिनिटे उशीर होतो. एप्रिल-मे महिन्यांत बहावा आणि ताम्हण कोणत्या वळणावर फुलतात हे पाठ होते, आणि कोणता रस्ता झाडांच्या सावलीचा आहे यावरून रोजची वाट ठरू लागते. सोसायट्यांच्या स्वयंपाकघरांतून संध्याकाळी सातच्या सुमारास फोडणीचे वास येतात. दिवसभर आकडे जुळवून थकलेल्या माणसाला हे सगळे घरी पोहोचण्यापूर्वीच मिळते, आणि घरात पाऊल टाकताना कार्यालय मागे राहिलेले असते. तुमच्या घरच्यांना हे शब्दांत सांगता आले नाही तरी चालेल. जुलैपासून तुम्ही संध्याकाळी कशा घरी येता आणि मे महिन्यात कशा येत होता, हा फरक त्यांनी पाहिलाच असेल.

पावसाळ्यात रोज सायकल चालवलीच पाहिजे असा हट्ट मात्र धरू नका. ज्या दिवशी पाऊस कोसळतो आहे, रस्त्यावर पाणी साचले आहे आणि खड्डा कुठे आहे हे दिसत नाही, त्या दिवशी रिक्षेने जा. साचलेल्या पाण्याखाली काय आहे हे ठाऊक नसेल, तर त्यात चाक घालू नये. एरवी रोजच्या वाटेवरचे खड्डे तुम्हाला पाठ असतात, पण पावसात ते आठवड्याला बदलतात. रिमझिम असेल आणि निघालात, तर रिमला लागणाऱ्या ब्रेकचे रबर ओले असते हे लक्षात ठेवा: चाकाच्या एक-दोन फेऱ्या पाणी पुसण्यातच जातात आणि मगच ब्रेक लागतो, म्हणून नेहमीपेक्षा बरेच आधी हलकेच दाबायला सुरुवात करावी. रेनकोटची टोपी मान वळवल्यावर डोक्याबरोबर वळत नाही आणि नेमकी उजवी बाजू झाकते. तिच्याऐवजी हेल्मेटच्या आत पुढे छज्जा असलेली कापडी टोपी घाला. हेल्मेट वापरत नसाल तर पुन्हा बसण्यापूर्वी घ्या; त्याचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटे जातील इतका घट्ट असावा. ओढणी घरी ठेवा किंवा कमरेला घट्ट बांधा, आणि सलवारीचा उजवा पाय घोट्याशी पट्टीने आवळा, कारण चेन त्या बाजूला असते.

भिजून आल्यावर जुन्या सुती फडक्याने चेन कोरडी पुसून तिच्या प्रत्येक कडीवर थेंबभर सायकलचे तेल सोडावे आणि वरचे जास्तीचे तेल पुन्हा पुसून टाकावे. घरातले खोबरेल वापरू नका. ते चिकट होऊन धूळ धरते. खाडीजवळच्या दमट हवेत तीन महिने नुसती उभी राहिलेली तुमची सायकल एव्हाना चेनला आणि ब्रेकच्या तारांना गंजली असेल, तेव्हा बसण्यापूर्वी ती एकदा मिस्त्रीकडून उघडून, साफ करून, ब्रेकच्या तारा बदलून घ्या. ज्या ब्रेकवर आता तुमचा विश्वास बसायचा आहे, त्याच्या तारा जुन्या नसाव्यात.

सराव झाल्यावर पहिली खरी फेरी कामाची ठेवू नका. एखाद्या कोरड्या दिवशी सकाळी साडेसहाला उपवनला जा, तलावाकाठी थोडे थांबा आणि परत या. येऊरचा घाट इतक्यात नको. चढणे कठीण म्हणून नव्हे, तर उतरताना वळणावळणाला ब्रेक लावावे लागतात, आणि ती परीक्षा हिवाळ्यात द्यावी. कामावर जायला नवरात्र सरल्यावर सुरुवात करा, कारण त्या नऊ दिवसांत टेंभी नाक्याकडच्या गर्दीने गावातली सगळी वाहतूक आतल्या गल्ल्यांत वळते आणि तुमच्या शांत वाटा शांत राहत नाहीत. तोवर पाऊसही ओसरलेला असेल. दिवाळीनंतर मात्र तुम्ही कार्यालयातून निघाल तेव्हा अंधार पडलेला असेल. जून महिन्यापर्यंत तुम्हाला ही अडचण आली नव्हती, कारण दिवस मोठे होत होते. मागे लाल आणि पुढे पांढरा, असे दोन दिवे ज्या दिवशी मिस्त्रीकडे जाल त्याच दिवशी बसवून घ्या, आणि मागचा दिवा भाजीच्या पिशव्यांनी झाकला जात नाही ना, ते पिशव्या भरून एकदा पाहून घ्या.